घटामागची वायर

मंडळी, आज आधी प्रश्न, मग गोष्ट! ज्या कोपऱ्याला हात लावू नकोस असं सगळं घर बजावून सांगतं — नेमकं त्याच कोपऱ्यात दुखणं असेल, तर माणसानं काय करावं?

बसलात गप्प! टाळी मागितली की देता, उत्तर मागितलं की पदराशी चाळा! बरं, मागच्या खांबाला टेकलेले आजोबा, तुम्ही सांगा. दाढ दुखतेय, आणि घरचे म्हणतायत तोंड उघडायचं नाही. किती दिवस काढाल? काय म्हणाले? "दातच राहिले नाहीत!" घ्या! सुटले आजोबा! पण तुम्हाआम्हाला दात आहेत, आणि दुखणीही आहेत. म्हणून ऐका. पेटीवाले, सूर धरा —

झाकला कोपरा गं बाई, वर फुलांचा गं भार
आत ठणकतो काटा, त्याला कोण पुसणार?

करमाळ्याची गोष्ट. देवीचं गाव. गावाबाहेर टेकाडाच्या पोटात एक वसाहत, तिथं माळवद्यांचा दुमजली बंगला. घरात अण्णा माळवदे, त्यांची बायको कालिंदीबाई — सगळं गाव त्यांना माई म्हणतं — मुलगा निरंजन, आणि सून हेमांगी.

माईंचं घर म्हणजे कसं? चमचा पालथा पडलेला दिसायचा नाही! रांगोळीचा ठिपका ओळ सोडून गेला तर ठिपक्यालाच लाज वाटावी! आणि माईंचा एक कायदा होता — घरात लोंबतं काही दिसता कामा नये. सुतळीचं टोक असो, उसवलेली शिवण असो. "लोंबतं टोक म्हणजे दळिद्राला शिडी!" दिसलं की खोच, दिसलं की बांध. हे तेवढं ध्यानात ठेवा, मंडळी. पुढं लागणार आहे.

आणि हेमांगी? हेमांगी गणित शिकवायची. घरात बसून, कॉम्प्युटरवर. मुलं कुठली कुठली — एक गडहिंग्लजचं, एक किनवटचं, एक थेट आखातातलं! दार लावून घ्यायची, कानाला ते हेडफोन, आणि सुरू — "शाब्बास! आता दुसरी बाजू सोडव." बाहेर माईंना ऐकू काय यायचं? फक्त हेमांगी! मुलांचा आवाज तिच्या कानात. मग माई शेजारणीला सांगायच्या, "आमची सून दिवसभर भिंतीशी बोलते. आणि भिंतीला शाब्बास म्हणते!"

हसू नका! तुमच्या घरातही कुणीतरी असं दाराआड काम करत असेल. विचारलंत कधी, काय करतेस म्हणून?

तर आश्विन लागला. घट बसायचे. माळवद्यांकडे घट बसतो पुढच्या खोलीत, ईशान्येच्या कोपऱ्यात. आणि गंमत ऐका — इंटरनेटची वायरही घरात शिरते त्याच कोपऱ्यातून! तिथं भिंतीतल्या फळीवर दोन पेट्या. एक राउटर — म्हणजे घराची वेस समजा, जगातला निरोप आधी तिथं येतो. दुसरी तिच्या शेजारची, नुसत्या भोकांची पेटी, तिला म्हणतात स्विच. वेशीवर आलेला निरोप गल्लोगल्ली वाटायचं काम तिचं. एक वायर अण्णांच्या टीव्हीला, एक फाटकावरच्या कॅमेऱ्याला, एक हेमांगीच्या खोलीत. फळीवर पेट्या, फळीपुढं पाट, पाटावर घट. काळी माती, पेरलेले गहू, वर कलश, शेजारी अखंड दिवा. पेट्या फुलांच्या माळांआड दिसेनाशा झाल्या.

आणि घट बसला, आरती झाली — नेट गेलं!

अण्णांचा टीव्ही गोल गोल फिरायला लागला. प्रवचन बघत होते बिचारे! महाराजांनी "मोक्षाचा मार्ग सांगतो" म्हणून हात वर केला, तो हात वरच! मोक्ष अडकला!

निरंजनरावांनी काय केलं? दाराजवळचं विजेचं बटण बंद, बटण चालू. मंडळी, हा एक नवा संप्रदाय निघालाय! याचा एकच मंत्र — बंद करून चालू करा! पंखा बिघडला, बंद करून चालू करा. फोन बिघडला, बंद करून चालू करा. बायको रुसली — तिथं नाही चालत, तिथं नुसतंच बंद होतं! तर नेट क्षणभर आलं. सगळे म्हणाले, "आलं, आलं!" आणि गेलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. आलं, गेलं.

कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाज, "मॅडम, आमच्या बाजूनं लाईन हिरवी दिसतेय. माणूस दसऱ्यानंतर येईल."

आता कुणी तरुण पोरगं म्हणेल, मोबाईलचं नेट घ्यायचं! अरे बाबा, टेकाडाच्या पोटातलं घर ते. फोनला रेंज हवी तर गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी उभं राहावं लागतं. तिथं ऑक्टोबरच्या उन्हात गणित शिकवशील, तर गुणाकाराचा भागाकार होईल!

मग दोष कुणावर आला? सांगायला हवं? सुनेवर! माई म्हणाल्या, "घट बसायच्या मुहूर्तावर ही यंत्रापुढं बसली. देवीला चाललं नाही."

हेमांगी म्हणाली, "माई, मी कॉम्प्युटरवरचा फळा पुसत होते, पाप करत नव्हते. मला त्या पेट्या बघू द्या."

"कोपऱ्याला हात नाही! घट उठेपर्यंत तिथली काडीसुद्धा हलायची नाही!"

बरं, घट हलवू नये, हे खरं. शास्त्र आहे, रीत आहे, मीही पाळते. पण रीत होती घटाची! ती पसरली पाटाला, पाटावरून फळीला, फळीवरून वायरीला! आपलं असंच असतं. देव म्हणतो, एवढंसं फूल वाहा. आपण हार नेतो, हाराला मांडव घालतो, आणि मांडवात देवालाच जागा राहत नाही!

असे दिवस चालले. हेमांगीचे तास बुडाले. एकदा गच्चीवर, टाकीशेजारी उभी असताना तिच्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. बाई म्हणाल्या, "हेमांगी, उद्या अकराच्या तासाला पालकही बसणारेत. उद्या जमलं तर तुझा वर्ग तुझा. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल. माझाही नाइलाज आहे गं."

खाली आली. घरात सांगितलं. अण्णा मायेनंच म्हणाले, "मग सोड ना पोरी. आपल्याला काय कमी आहे?"

हेच! मंडळी, बाईला सुळी देणारे सगळे दुष्ट नसतात. काही फार मायाळू असतात. म्हणतात, सोड ना! तिचं जे आहे ते "सोड ना", आणि आपलं जे आहे ते "हलवायचं नाही"!

हेमांगी काही बोलली नाही. बोलणारी बाई परवडते. न बोलणारी उठली की कोपरे हलतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाली. त्या दिवशीचा रंग मोरपंखी, मोरपंखी साडी नेसली. कुंकू लावलं. पदर खोचला. हातात शिवणाच्या डब्यातली कात्री आणि माईंच्या खणांच्या चिंध्या. पुढच्या खोलीत आली — तर माई घटापुढं ठाण मांडून बसलेल्या! त्यांना वास आला होता. सासूला वास येतोच!

"कुठं निघालीस?"

"कोपऱ्यात."

"सांगितलं ना, हात नाही!"

"घटाला नाही लावणार, माई. वायरीला लावणार. तुम्ही घट बसवलात, वायर कुठं बसवलीत?"

"सोवळ्यातला कोपरा आहे तो!"

"मीही न्हाऊनच आलेय. माझ्यापेक्षा ती वायर पारोशी आहे."

"आणि घट हलला तर?"

"हलला तर देवी मला विचारील. मी सांगेन, आई, तू महिषासुराला सोडलं नाहीस. मी एका वायरीला का सोडू?"

"तोंड बघा केवढं झालंय!"

"तेवढंच आहे, माई. एवढ्या दिवसांत दुसरं कुणी ऐकायला नाही, म्हणून तुम्हाला मोठं वाटतंय."

निरंजन दारात उभा. म्हणाला, "हेमांगी, एकदा बंद करून —"

"तू आधी बंद हो!" दोघी एकदम म्हणाल्या. मंडळी, नोंद घ्या! त्या घरात सासू-सुनेचं पहिलं एकमत झालं ते इथं!

अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अगं, घरात भांडण नको."

हेमांगी वळली. "अण्णा, भांडण नाही हे. तुम्ही मायेनं म्हणालात सोड. मी मायेनंच सांगते — नाही सोडणार. घट देवीचा आहे, तो नाही हलवणार. काम माझं आहे, ते नाही सोडणार. मधे जी गाठ आहे, ती कुणाचीच नाही. तिला आज सुट्टी नाही."

टाळ्या आत्ता नकोत! अजून वायर निघायचीय!

माई तिच्याकडे बघत राहिल्या. बाजूला सरकल्या का? छे! माई सरकतील? पण दिव्याच्या दोन्ही बाजूंनी त्यांनी तळहात धरले. म्हणाल्या, "पदराच्या वाऱ्यानं दिवा विझला तर तुझी खैर नाही. मी आडोसा धरते. जा."

तेवढी वाट पुरे होती! हेमांगी पाटाच्या कडेनं जमिनीवर पालथी झाली, भिंतीला खेटून आत शिरली, झेंडूच्या माळांखालून मान वर काढली. काय दिसलं?

ती भोकांची पेटी! तिचे सगळे दिवे लुकलुकतायत! असे तसे नाही, पिसाटल्यासारखे — लुकलुक लुकलुक, श्वास घ्यायला फुरसत नाही. बाहेरच्याला वाटावं, काय काम चाललंय! केवढी धावपळ! आणि निरोप पोचतोय किती? एकही नाही!

आहेत ना अशी माणसं आपल्यात? सकाळपासून फोन, मीटिंगा, हारतुरे. चेहऱ्यावर दिवेच दिवे! आणि विचारा, कुणाचं काम झालं? हात वर, त्या महाराजांसारखा!

हेमांगीनं काय केलं? सगळ्या वायरी उपटल्या! टिच, टिच, टिच! दिवे विझले. पेटी गप्प झाली. माई दचकल्या, "मेलं की काय?"

"मेलं नाही, माई. किंचाळत होतं, आता श्वास घेतंय."

आधी वेशीकडून येणारी वायर घातली, मग बाकीची एकेक. घाईनं नाही. पहिली घातली. "अण्णा, टीव्ही?"

"आला! महाराजांचा हात खाली आला!"

त्या वायरीला पांढऱ्या खणाची चिंधी बांधली. दुसरी घातली. "निरंजन, फाटकाचा कॅमेरा?"

"दिसतोय! कुसुमकाकू फाटक उघडतायत!" कुसुमकाकू म्हणजे शेजारीण. जिला माई सांगायच्या ना भिंतीची गोष्ट, तीच.

त्या वायरीला पिवळी चिंधी. तिसरी हेमांगीच्या खोलीतली, तिला मोरपंखी. सगळं सुरळीत! मग एक जुनं टोक हातात आलं, ते घातलं. तरी सुरळीत. आता एकच टोक उरलं. ते घातलं मात्र — अण्णा ओरडले, "गेलं!"

काढलं. "आलं!"

घातलं. "गेलं!"

सापडला चोर! हेमांगीनं त्या टोकाची वायर बोटांत धरली आणि माग काढत निघाली. ही वायर जाते कुठं? फळीखालून गेली, खिळ्याला वळसा घातला, माळेआडून वर आली, आणि आली कुठं? त्याच पेटीत! शेजारच्या भोकात! आत्ता घातलेलं जुनं टोक — तिचंच दुसरं टोक होतं! जुनी, कुणालाच नको असलेली वायर. दोन्ही टोकं एकाच घरात!

मंडळी, जरा विचार करा. पेटी एका तोंडानं निरोप सांगते, तोच तिच्या दुसऱ्या कानात येतो. तिला वाटतं, नवाच निरोप आला! ती पुन्हा सगळ्यांना ओरडून सांगते. तो पुन्हा तिच्याच कानात. स्वतःचं ऐकून स्वतःच ओरडतेय! त्या कलकलाटात अण्णांचं प्रवचन बुडालं, गडहिंग्लजचं पोर बुडालं, सगळं जग बुडालं.

आपुल्या तोंडाचे शब्द, आपुल्याच गं कानी
रिकाम्या घागरीला, नुसत्या नादाचं पाणी

आता बघा. त्या टोकाच्या प्लॅस्टिकवर एक बोट हळद होती, एक बोट कुंकू. घटाच्या दिवशी या घरात हळदकुंकवाचं बोट कुणाचं फिरतं? हेमांगीला कळलं. लगेच कळलं. घट मांडताना माईंना फळीवर एक लोंबतं टोक दिसलं असणार. लोंबतं टोक म्हणजे? हां! दळिद्राला शिडी! शेजारी मोकळं भोक दिसलं. खोचलं! वर हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला!

तेवढ्यात कुसुमकाकू आत. "अगं बाई, बाई, बाई! सून घटात शिरली? कालिंदी, तू बघत बसलीस? आणि ही वायर कसली? केली कुणी ही भानगड? हिचंच असेल ते यंत्राचं काहीतरी!"

अण्णांनी विचारलं, "हेमांगी, कुणी लावली गं ती?"

सांगा मंडळी! तुम्ही असता तर? इतके दिवस बोल खाल्ले. पुरावा हातात, वर हळदकुंकवासकट! शेजारीण साक्षीला! असा योग सुनेच्या पत्रिकेत कितीदा येतो?

हेमांगी कोपऱ्यातून बाहेर आली. केसांत झेंडूच्या पाकळ्या, गालाला कोळिष्टक. ते टोक तिनं मुठीत धरलं होतं — हळदकुंकू आत. म्हणाली, "चूक माझी नव्हती. हे मी मोठ्यानं सांगते, काकूंनीही ऐकावं. आणि देवीचीही नव्हती. पुढचं सांगणार नाही."

दिव्याची वात तेवढी सळसळली.

माईंचे हात अजून दिव्याभोवती. त्यांनी हेमांगीच्या मुठीकडं पाहिलं. बोटांच्या फटीतून पिवळं दिसत होतं. माणसाला आपलं हळदकुंकू ओळखू येतं, मंडळी! माई म्हणाल्या, "मूठ उघड."

"राहू द्या, माई."

"उघड म्हणते ना! सून झालीस म्हणून माझं पाप झाकणार होय? मला झाकलेलं चालतं, असं वाटतं तुला?" मग कुसुमकाकूंकडं वळल्या. "मी लावली ती वायर. लोंबत होती, मी खोचली. माझ्या हातानं घर बंद पडलं, आणि नाव मी सुनेचं घेतलं."

काकू चाचरल्या. "असू दे गं, असू दे. पण घटाशी ही एवढी खुडबूड झाली, आता एखादी शांत करायला हवी. गुरुजींना विचारून —"

तेवढ्यात अकराचे ठोके पडायला लागले. आणि माई उभ्या राहिल्या! "कुसुम, घट हलला? नाही! दिवा विझला? नाही! हा बघ, माझ्या दोन हातांत होता! शांत करायची असेल ना, तर ती जिभांची करू, तुझ्या आणि माझ्या! चपला बाहेर काढल्यास तशी कुजबूजही बाहेर ठेवून ये. माझ्या सुनेचा तास सुरू होतोय!"

आता! आता द्या टाळी!

हेमांगी धावली. पण जे घालून ती तासाला बसायची, ते हेडफोन कुठं? त्यांची वायर लोंबती दिसली म्हणून माईंनीच साफसफाईत कुठंतरी खोचलेले! राहिले. दार उघडंच राहिलं. कॉम्प्युटर सुरू झाला, आणि त्या खोलीतून पहिल्यांदा, सगळ्या घराला ऐकू जाईल असा, एक बारीक आवाज आला —

"मॅडम! मॅडम, दिसलात! अगं ए, मॅडम आल्या!"

आणि मग दुसरा, तिसरा, चिमण्या उठाव्यात तसे. माई दाराबाहेर थबकल्या. ती जुनी वायर त्यांच्या हातात होती, लोंबतं टोक सोडून देणं काही त्यांना जमलं नव्हतं. घडी घालून, मोरपंखी चिंधीनं बांधत होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. निरंजन कुजबुजला, "काय झालं?"

माई म्हणाल्या, "भिंत बोलते रे."

(सूर राहू द्या, पेटीवाले. थोडं नुसतंच राहू द्या.)

आता मंडळी, करमाळा सोडा, तुमच्याकडं येते. मला तुमच्या नेटचं काही विचारायचं नाही. मला एवढंच विचारायचंय, तुमच्या घरातला तो कोपरा कुठला? "आमच्यात हा विषय काढत नाहीत" — तो कोपरा! "मोठ्यांना विचारायचं नसतं" — तो कोपरा! फुलं कुणी घातली त्याच्यावर? आणि आत कुठली वायर आहे, जिची दोन्ही टोकं तुम्ही स्वतःतच खोचून घेतलीत? आपलंच बोलणं, आपलंच ऐकणं, दिवे मात्र लुकलुक लुकलुक!

देव कोपेल म्हणून भिऊ नका. देव वायरीवर कोपत नाही, देवाला तुमच्या भित्रेपणाची लाज वाटते! न्हा, हात धुवा, दिव्याला आडोसा धरा — आणि घाला हात! घट सांभाळा, पण घटाच्या नावाखाली कुणाचा श्वास कोंडू नका. आणि जिला "सोड" म्हणालात, तिच्या दाराशी जाऊन एकदा ऐका. भिंत काय बोलते ते ऐका!

ज्याची दोन्ही टोकं घरी, त्याला निरोप कोण देई?
एक टोक दे जगाला, माझे आई अंबाबाई!

उठा आता, आरतीचं ताट येतंय. ज्योतीवर हात धराल, डोळ्यांना लावाल. तोच ऊनऊन हात घेऊन घरी जा. गार होऊ देऊ नका — आधी कोपरा गाठा!